गुंद्राडाबाईंचे माहेर

बँकेत मी मेलेल्या माणसांच्या टेबलावर बसतो. टेबलाचे अधिकृत नाव 'मयत खातेदारांचे दावे' असे आहे, पण शाखेत ते नाव कोणी घेत नाही. आमचा शिपाई तर गिऱ्हाइकाला सरळ "त्या कोपऱ्यात, यमाकडं जा" असे सांगून मोकळा होतो. दिवसभर माझ्यासमोर वारस बसलेले असतात. 'मी एकुलता एक' म्हणून सोमवारी आलेल्या माणसाला बुधवारपर्यंत दोन बहिणी आणि एक सावत्र भाऊ फुटतो. नात्यांची ही उगवण आणि मावळण बघत मी बारा वर्षे काढली आहेत.

या टेबलावर मला बसवले तेव्हा निवृत्तीला टेकलेल्या आमच्या हेडक्लार्कनी पानाचा तोबरा सावरत एक मंत्र दिला होता. "कागद काय म्हणतो ते मागाहून वाच. आधी त्या कागदानं कुणाचं भलं होतंय ते बघ." बी.कॉम.च्या तीन वर्षांत इतके उपयोगाचे वाक्य मला कोणी शिकवले नव्हते. ते ऑडिटिंगच्या पुस्तकात असेलही, पण मी गाईड वाचून पास झालो.

हा मंत्र मी एकदा चक्क साहेबाच्या देशात जाऊन वापरला, आणि तोही नऊशेहून अधिक वर्षांपूर्वी मेलेल्या एका बाईच्या प्रकरणात. या बाईंच्या खात्यात शिल्लक काहीच नव्हती. वाद होता तो फक्त माहेरचा.

त्याचे असे झाले. सौ.चा धाकटा भाऊ इंग्लंडात ब्रायटनला असतो. "ताई, एकदा तरी या" असे तो दर दिवाळीला म्हणायचा आणि आम्ही "बघू" म्हणायचो. कोणी कोणाला बोलावलेच नाही असे समजून दोन्ही पक्ष सुखात होते. एके वर्षी सौ.ने मात्र 'बघू'चा अर्थ 'बघूच' असा लावला आणि आम्ही गेलो. मेव्हणा म्हणाला, "भाऊजी, लंडन काय, सगळेच बघतात. आपण लुइसला जाऊ. पंधरा मिनिटांवर आहे." लंडनचे भाडे आणि लुइसचे भाडे यांत काय फरक असतो हे कारकुनाला विचारायचे नसते. मी "वा!" म्हणालो.

गाडीत बसल्यावर मी पिशवीतून माझ्या काकांच्या कुलवृत्तांताची प्रुफे काढली. हो, इंग्लंडात. सरकारी खात्यातून निवृत्त झाल्यावर काकांनी आमच्या घराण्याचा कुलवृत्तांत छापला, आणि तो नातेवाइकांना सक्तीने विकून झाल्यावर दुसरी आवृत्ती काढायला घेतली. तिची प्रुफे तपासण्याचे काम, "तू बँकेतला, तुझी नजर बारीक" असे म्हणून माझ्या गळ्यात पडले होते. मी त्रेचाळिसाव्या पानावर होतो. तिथे माझ्या आजीची, म्हणजे काकांच्या सख्ख्या आईची नोंद होती आणि तिच्यापुढे छापले होते : 'माहेर कोकणातील सुप्रसिद्ध इनामदार घराणे'. भातात खडा लागावा तसा हा 'इनामदार' माझ्या दाताखाली आला. का, ते पुढे सांगतो. तेवढ्यात गाडी लुइसला लागली, आणि ज्या रुळांवरून आम्ही आलो ते रूळ एका मठाच्या देवघरातून गेलेले आहेत, अशी माहिती मेव्हण्याने दिली.

स्टेशनापासून थोडे चालल्यावर साउथओव्हर नावाच्या भागात सेंट जॉनचे चर्च लागते. त्याच्या एका बाजूला लहानशी खोली, म्हणजे चॅपेल आहे. जमिनीत एक काळी, नक्षीदार, कडेने लॅटिन अक्षरे कोरलेली शिळा. भिंतीतल्या कोनाड्यांत शिशाच्या दोन पेट्या, आपल्याकडे पापडाचे डबे असतात त्यापेक्षा जरा मोठ्या. प्रत्येकी जेमतेम तीन फुटांची. एकीच्या झाकणावर 'गुंद्राडा' असे नाव आणि दुसरीवर 'विल्यम'. नवराबायको एवढ्याशा पेट्यांत मावली कशी, असा प्रश्न सौ.ने विचारला. ती माणसे पुरल्यानंतर काही पिढ्यांनी, मठाची नवी बांधणी चालू असताना, त्यांची हाडे गोळा करून या पेट्यांत ठेवली होती. थोडक्यात, अस्थिकलश. सौ.ने नकळत हात जोडले. परधर्मातल्या का होईना, सवाष्ण गेलेली बाई होती.

बाईंची हकीगत अशी. नवरा विल्यम द वॉरेन, नॉर्मन सरदार. १०६६ साली नॉर्मंडीचा ड्यूक विल्यम इंग्लंडवर चालून गेला आणि हेस्टिंग्जची लढाई जिंकून राजा झाला, त्या लढाईत हा वॉरेन होता. (दोघांचेही नाव विल्यम. त्या काळी नॉर्मन लोकांत विल्यम म्हणजे आपल्याकडचा बाळू. मी राजाला राजा म्हणतो आणि या विल्यमला वॉरेन, म्हणजे घोटाळा नको.) लढाईनंतर जमिनी वाटल्या गेल्या. १०८६ साली राजाने सगळ्या देशाची मोजदाद करवली, तिचे दप्तर 'डूम्सडे बुक' म्हणून अजून जपलेले आहे. त्यात तेरा परगण्यांत वॉरेनची जमीन निघते. पण गुंद्राडाबाईंनी हे दप्तर पाहिले नाही. आदल्या वर्षी, २७ मे १०८५ या दिवशी, नॉरफकमधल्या कॅसल एकर इथे त्या बाळंतपणात गेल्या. तेरा परगण्यांचा धनी असलेल्याच्या घरीही बाळंतपण म्हणजे त्या काळी बाईचा पुनर्जन्मच, आणि तो यांना साधला नाही. तीन वर्षांनी, १०८८ साली, वॉरेनला सरे परगण्याची अर्ली मिळाली आणि थोड्याच दिवसांत तोही लढाईतल्या जखमांनी गेला. दोघांनी मिळून लुइसला स्थापलेल्या सेंट पँक्रसच्या मठात दोघांना पुरले.

तो मठ साधासुधा नव्हता. फ्रान्समधल्या क्लूनी या विख्यात मठाची इंग्लंडातली ती पहिली शाखा. शाखा कशी उघडली त्याची गोष्ट गोड आहे. नवराबायको रोमच्या यात्रेला निघाली होती. वाटेत पोप आणि बादशहा यांचे युद्ध पेटलेले. तेव्हा ती क्लूनीला थांबली, तिथल्या साधूंची सेवा, शिस्त आणि पाहुणचार बघून भारावली आणि 'आम्हालाही तुमचे चार साधू द्या' म्हणाली. काशीला निघालेले जोडपे वाटेत पंढरपूरला रमावे, तसेच. मला ही गोष्ट फार आवडली. दुर्दैवाने ती ज्या कागदात आहे त्याच कागदापासून सगळे भांडण सुरू होते.

पण आधी या हाडांचे आणि त्या शिळेचे पुढे काय झाले ते सांगतो, कारण एवढी बदली आमच्या बँकेतही कोणाची झालेली नाही. आठव्या हेन्रीने मठ बुडवायला घेतले तेव्हा लुइसचा मठ त्याचा मंत्री थॉमस क्रॉमवेल याच्या घशात गेला. त्याने पोर्तिनारी नावाचा इटालियन इंजिनियर आणि सुतार-लोहारांची टोळी पाठवून १५३८ साली ती प्रचंड इमारत शिस्तीत पाडली आणि छपराचे शिसे वितळवून नेले. छपराचे शिसे नेले आणि जमिनीखालच्या शिशाच्या पेट्या तेवढ्या राहिल्या! सरकारी जप्ती कुठेही अशीच असते. काळी शिळा कोणीतरी उचलून काही मैलांवरच्या इसफील्ड गावच्या चर्चमध्ये नेली आणि ती शर्ली नावाच्या एका गृहस्थाच्या थडग्याला लावून टाकली. दोनशेहून जास्त वर्षे गुंद्राडाबाईंचे नाव शर्लीच्या छातीवर होते. १७७५च्या सुमारास एका जाणत्याने ते ओळखले आणि शिळा पुन्हा लुइसला आली. मग १८४५च्या ऑक्टोबरात ब्रायटनहून हेस्टिंग्जकडे नवा लोहमार्ग टाकायला मठाच्या पडक्या आवारातून चर खणत असताना मजुरांची कुदळ शिशावर आदळली. नावासकट दोन पेट्या! बघ्यांची झुंबड उडाली. दोन वर्षांत नवे चॅपेल बांधून नवराबायकोला तिथे हलवले, आणि गाड्या त्यांच्या जुन्या जागेवरून धावू लागल्या. आमची त्यातलीच एक.

आता माहेर.

चर्चमध्ये देखरेखीला एक वृद्ध बाई बसल्या होत्या. मी शिळेवर वाकलेला बघून त्या कौतुकाने म्हणाल्या, की पुष्कळ दिवस लोक हिला जिंकणाऱ्या विल्यमचीच मुलगी समजत. मी विचारले, "आणि आता?" त्या हसल्या आणि म्हणाल्या, की आता तसे समजत नाहीत, पण सांगायला छान वाटते. माझ्या डोळ्यांपुढे त्रेचाळिसावे पान आले. मी मेव्हण्याच्या घरी परत आलो आणि सुट्टीचे उरलेले दिवस ब्रायटनचा समुद्र बघण्याऐवजी वाचनालयात काढले. सौ.ने या गोष्टीची नोंद ठेवली आहे आणि योग्य वेळी ती वसूल करते.

दावा असा होता : गुंद्राडा ही राजा विल्यम आणि राणी मटिल्डा यांची कन्या. पुरावा? लुइसच्या मठाची स्थापनेची सनद. तीत वॉरेनच्या तोंडी 'माझ्या पत्नीची आई, राणी मटिल्डा' असे शब्द आहेत. झाले की! जावई स्वतः सांगतो आहे, आणखी काय हवे? पण ही सनद कुठे सापडते, तर मठाच्या दस्तऐवजांच्या नकलवहीत, आणि ती वही लिहिली १४४४ साली. बाई जाऊन साडेतीनशेवर वर्षे झालेली. वॉरेनांचे घराणेसुद्धा १३४७ साली शेवटचा अर्ल औरस वारसाविना मेल्यावर संपलेले. उलटतपासणीला कोणी शिल्लक नाही. राजाच्या नावाची आणखी एक सनद आहे, तीत गुंद्राडाच्या नावाला जोडून 'माझी मुलगी' असे आहे, पण ते दोन शब्द मागाहून कोणीतरी घातलेले असावेत असे जाणकारांनी दाखवले. आमच्या भाषेत, प्रतिस्वाक्षरीविना खाडाखोड. चेक परत.

हेडक्लार्कांचा मंत्र इथे लावून पाहा. बाई राजकन्या ठरली तर भले कुणाचे? मठाचे. आपल्या मठाची संस्थापिका सरदाराची बायको असणे आणि राजाची लेक असणे यांत देणग्यांच्या दृष्टीने केवढा फरक! रोमच्या यात्रेची ती गोड गोष्टही याच सनदेत आहे. तिचे काय करायचे ते मी अजून ठरवलेले नाही. कागद खोटा म्हणून त्यातली प्रत्येक ओळ खोटी असते असे नाही. खोट्या दाव्यातही पत्ता खरा असतोच.

या घराण्याला कागदांचे वावडेच असावे. पहिल्या एडवर्डच्या न्यायाधीशांनी १२७८ नंतर सगळ्या सरदारांना 'तुमचे हक्क कोणत्या दस्तऐवजावर?' असे विचारत फिरायला सुरुवात केली, तेव्हा जॉन द वॉरेन या वंशजाने गंजलेली तलवार काढून पुढे धरली आणि हाच आमचा दस्तऐवज असे सांगितले, अशी आख्यायिका आहे. इतिहासकार तिच्यावर फारसा विश्वास ठेवत नाहीत. मी ठेवतो. आमच्याकडे केवायसीला अशी माणसे येतात.

मग एकोणिसावे शतक उजाडले. शिशाच्या पेट्या वर आल्यावर सगळ्या इंग्लंडला एकदम गुंद्राडाची आठवण झाली. आपल्या अंगात जिंकणाऱ्या विल्यमचे रक्त आहे असे दाखवण्याची त्या काळच्या बड्या घरांत हौस होती, आणि वॉरेनांच्या द्वारे ते रक्त पुष्कळ घरांत आलेले. पेट्या सापडल्याच्या दुसऱ्याच वर्षी, १८४६मध्ये, स्टेपलटन नावाच्या संशोधकाने या दुधात मिठाचा खडा टाकला. तो म्हणाला, राजाची मुलगी ती नव्हेच. ऑर्डरिक व्हिटॅलिस नावाचा साधू (याच्याकडे आपण परत येणार आहोत) तिला गेर्बोड या फ्लँडर्सच्या सरदाराची बहीण म्हणतो. पण सनदेत तर आई मटिल्डा! आता काय करावे? आमच्याकडे लेजरचा मेळ बसला नाही की फरकाची रक्कम सस्पेन्स खात्यात टाकतात आणि घरी जातात. स्टेपलटनने तेच केले. दोन्ही कागदांचा मेळ बसवण्यासाठी त्याने राणी मटिल्डाला एक आधीचा नवरा काढून दिला! राजाशी लग्न होण्यापूर्वी मटिल्डाचे लग्न थोरल्या गेर्बोडशी झाले होते, गुंद्राडा ही त्याची मुलगी, आणि म्हणूनच १०४९ साली पोपने राजाच्या आणि मटिल्डाच्या लग्नाला मनाई केली होती, असा त्याचा सिद्धान्त. मनाई झाली होती हे खरे. पण तिचे कारण पोपने नीट लिहून ठेवले नाही आणि त्या रिकाम्या रकान्यात हा नवरा बसला.

विचार करा. आठशे वर्षे पतिव्रता म्हणून नांदलेली राणी, आणि एका सनदेतल्या दोन शब्दांची लाज राखण्यासाठी तिच्या अंगाला पहिला नवरा चिकटला. तो पुढे चाळीस वर्षे निघाला नाही. नॉर्मन विजयाचा महाइतिहास लिहिणारा फ्रीमन याच्यासारखा दांडगा पंडितही त्याला मानून चालला.

सुटका केली ती एका आर्चबिशपच्या पत्राने. हे पत्र म्हणजे माझ्या मते या सगळ्या प्रकरणातले रत्न आहे. गुंद्राडाचा मुलगा, तोही विल्यमच, आपण त्याला धाकटा वॉरेन म्हणू. जिंकणाऱ्या राजाचा मुलगा हेन्री पुढे गादीवर आला. आपली एक मुलगी या धाकट्या वॉरेनला द्यावी असे हेन्रीच्या मनात आले. त्या काळी चर्चचा नियम आपल्या सापिंड्यासारखाच, सात पिढ्यांच्या आत सोयरीक नको. हेन्रीने कँटरबरीचे आर्चबिशप आन्सेल्म यांना विचारले. आन्सेल्मनी उलट कळवले, की हे लग्न होता कामा नये, कारण एका बाजूने चौथ्या आणि दुसऱ्या बाजूने सहाव्या पिढीत दोघांचे नाते लागते.

आता बोटे मोजा. गुंद्राडा जर राजाची लेक, तर हेन्री हा धाकट्या वॉरेनचा सख्खा मामा, आणि मुलगी मामेबहीण! गुंद्राडा नुसती मटिल्डाची लेक असली, तरी मामा सावत्र, पण मामाच. आपल्याकडे काही घरांत मामाच्या मुलीवर हक्कच असतो, आन्सेल्मना मात्र ती चालण्यासारखी नव्हती. मामेबहीण समोर उभी असताना कोणी चौथी आणि सहावी पिढी मोजत बसेल का? घराला आग लागलेली असताना अंगणातली उदबत्ती विझवा म्हणण्यासारखे ते झाले. आन्सेल्मना हे नाते माहीतच नव्हते, कारण ते नव्हतेच.

१८८८ साली फ्रीमनने इंग्लिश हिस्टॉरिकल रिव्ह्यूमध्ये या प्रश्नावर पुन्हा लिहिले आणि आपले आधीचे मत सोडून दिले. इतका मोठा माणूस आपलीच जुनी नोंद तांबड्या शाईने खोडतो याचे मला अतोनात कौतुक वाटते. आमच्या शाखेत 'माझी बेरीज चुकली' हे वाक्य मी अजून कोणाच्या तोंडून ऐकलेले नाही. माझ्याही नाही. तरी राजकन्येचे भक्त नमले नव्हते. त्यांचा शेवटचा आधार होती ती काळी शिळा, तिच्यावर बाईंना 'ड्यूकांच्या वंशातली' म्हटले आहे. बघा, राजा आधी ड्यूकच होता! पण राजाची मुलगी असती तर शिळेवर राजा नसता का आला? माणूस गेल्यावर त्याचे पद कोणी उतरवून लिहीत नाही. आमच्या शाखेतले एक हेडक्लार्क गेले तेव्हा वर्तमानपत्रातल्या छोट्या जाहिरातीत ते 'बँक अधिकारी' झाले होते. शिळा बाईंच्या मृत्यूनंतर पन्नास-साठ वर्षांनी कोरलेली, म्हणजे तेवढ्यात बढती ड्यूकपर्यंत आली होती. राजापर्यंत जायला मठाला आणखी वेळ लागला.

मग खरे माहेर कोणते? ऑर्डरिककडे जाऊ. हा साधू जन्मला इंग्लंडात आणि राहिला नॉर्मंडीत, आणि बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात त्याने मोठा इतिहास लिहून ठेवला. राजाने कोणाला काय दिले याची यादी देताना तो ओघात म्हणतो, सरे दिला वॉरेनला, ज्याची बायको गेर्बोडची बहीण गुंद्राडा. बस. पुढे तो दुसऱ्या सरदाराकडे वळतो. मंत्र लावा. या ओळीने भले कुणाचे? कुणाचेच नाही. ऑर्डरिकला तिच्यातून दमडी मिळायची नव्हती. अशी नोंद दिसली की मी डोळे मिटून शिक्का मारतो.

हा गेर्बोड थोडे दिवस चेस्टरचा अर्ल होता. १०७१च्या सुमारास तो घरच्या कामासाठी फ्लँडर्सला गेला तो परत आलाच नाही. ऑर्डरिक म्हणतो शत्रूंनी पकडून कोंडला. एका मठाच्या बखरीत वेगळेच आहे. त्या वर्षी कासेलच्या लढाईत गेर्बोड नावाच्या माणसाच्या हातून त्याचाच कोवळा धनी मारला गेला. पश्चात्ताप होऊन तो रोमला पोपपुढे उभा राहिला आणि 'माझे हात तोडा' म्हणाला. पोपने त्याला नेणाऱ्याला गुपचूप सांगितले, की हात थरथरले तर तोड, नाहीतर परत आण. हात थरथरले नाहीत. पोपने त्याला क्लूनीला पाठवले, साधू व्हायला. हा गेर्बोड तोच असेल, तर बहीण ज्या मठाच्या प्रेमात पडली त्याच मठात भाऊ होता, आणि ती यात्रेच्या वाटेत तिथे का थांबली याला आणखी एक कारण मिळते. मी मात्र यावर शिक्का मारत नाही. फारच छान आहे.

फ्रेडरिक नावाचा आणखी एक भाऊ निघतो. तो इंग्लंडात मारला गेला आणि त्याच्या जमिनी वॉरेनकडे आल्या. घराणे फ्लँडर्समधले, तिथल्या सँतोमेरच्या मोठ्या मठाची वहिवाट पिढीजात बघणारे, असे पुढच्या अभ्यासकांनी जुळवले, आणि १९४९ साली क्ले नावाच्या चोख संपादकाने वॉरेनांची कागदपत्रे छापताना राजकन्येचे प्रकरण फाइलबंद केले. वहिवाटदाराची मुलगी. काही वाईट नाही. तिच्या नातीचे दोन मुलगे पुढे एकापाठोपाठ स्कॉटलंडचे राजे झाले. राजे तिच्या पोटी पुढे आले, मागे शोधत बसायची गरज नव्हती.

आईचे नाव मात्र कुठे मिळत नाही. एवढ्या पंडितांनी शंभर वर्षे भांडण केले ते तिच्या बापासाठी. मटिल्डा खोडल्यावर आईचा रकाना तसाच रिकामा राहिला आणि तो भरावा असे फारसे कोणाला वाटले नाही.

आता त्रेचाळिसावे पान. माझ्या आजीलाही एक भाऊ होता. आमचे मामाआजोबा. मी त्यांना पाहिले आहे. मे महिन्यात यायचे, पिशवीत फणसपोळी, आणि आल्याबरोबर स्वयंपाकघरात शिरून आईला "सर, आज आमटी मी करतो" म्हणायचे. तशी आमटी मी पुन्हा खाल्ली नाही. गिरगावात एका खाणावळीत ते तीस वर्षे आचारी होते. मॅट्रिकनंतर काका नोकरी शोधायला मुंबईला गेले तेव्हा दोन वर्षे त्याच खाणावळीत मामांच्या वळकटीशेजारी झोपले आणि मामांच्या ताटातले जेवले. हे मला कोणी सांगितले? काकांनीच, दहा वेळा, कुलवृत्तांत लिहायला घेण्यापूर्वी.

परत आल्यावर मी काकांकडे गेलो. आजोबांची मूळ वही मागितली. आजोबांचे टाकाचे जांभळे अक्षर. आजीच्या नावापुढे एवढेच : 'बंधू मुंबईस खाणावळीत'. आणि त्याच्या डोक्यावर, ओळींच्या मधल्या जागेत, निळ्या बॉलपेनने : 'इनामदार'. त्या वहीच्या काळात बॉलपेन आमच्या गावापर्यंत पोचले नव्हते.

मी काही बोललो नाही. गुंद्राडाबाईंची हकीगत सांगितली. सनद सांगितली, मठ सांगितला, मागाहून घातलेले दोन शब्द सांगितले. काका हुशार माणूस. दोन शब्दांपर्यंत आलो तेव्हाच त्यांनी चष्मा काढून ठेवला होता.

"अरे, लोक वाचतात," ते म्हणाले. "व्याही मंडळी वाचतात. परदेशात प्रती जातात."

"हो काका."

"आणि तुझ्या त्या साधूनं काय लिहिलंय म्हणालास?"

"गेर्बोडची बहीण. एवढंच."

काका बराच वेळ वही बघत बसले. मग प्रूफ ओढून त्यांनी 'इनामदार घराणे' यावर आडवी रेघ मारली आणि समासात मामांचे संपूर्ण नाव लिहिले. त्यापुढे 'यांची बहीण'. थोडे थांबून कंसात 'गिरगाव' घातले. 'खाणावळ' लिहायला पेन दोनदा टेकवले आणि दोनदा उचलले. तिसऱ्यांदा लिहिले.

"झालं तुझ्या मनासारखं?"

आता गप्प बसायला हवे होते, पण खोड जात नाही. मी म्हणालो, "काका, आजीच्या आईचं नाव काय?"

काका माझ्याकडे बघत राहिले. तोंड उघडले, मिटले. वही चाळली. शेवटी म्हणाले, "आत्याला विचार. तिला माहीत असेल. ती आजोळी जास्त राहिलेली."

मी तिथूनच आत्याला फोन लावला. आत्या ब्याऐंशी वर्षांची आहे आणि तिला आजोळचा पाट, पाटाची मोडकी फळी, विहिरीवरची जास्वंद, आजीच्या पदराला येणारा धुराचा वास, सगळे लख्ख आठवते. ती दहा मिनिटे बोलत होती. मी पुन्हा विचारले, "पण आत्या, नाव?"

"नाव?" आत्या म्हणाली. "आम्ही आपलं 'आजी'च म्हणायचो रे."